लंडीखाना किती लांब?

"वहिनी, मटार सोलताय? थांबा, मीही खुर्ची भिंतीपाशी ओढते. काल ह्यांनी पुन्हा परुळकरांची गोष्ट काढली. सीएसआयओ ह्या सरकारी संशोधन संस्थेत तेजस लढाऊ विमानाच्या हेड-अप डिस्प्लेवर काम केलेला नवरा माझा, विमानाचा विषय निघाला की पानातलं गार होतं."

"कोण परुळकर?"

"अहो, हवाई दलाचे वैमानिक दिलीप परुळकर! ऑगस्ट 2025 मध्ये पुण्यात गेले ते. 1971च्या डिसेंबरात त्यांचं विमान पडलं आणि पाकिस्तानात कैद झाले. पण त्याआधीच साहेबांना म्हणे सांगून ठेवलेलं, पकडला गेलो तर पळून येईन!"

"आगाऊच की!"

"आगाऊ कसले? 1965 मध्ये खांद्याला जखम झाली, तरी विमान परत आणलेलं. रावळपिंडीच्या कॅम्पात कोठडीची भिंत पोखरली, रोज थोडी थोडी. पाणी न्यायला काही नाही, तर वैमानिकाच्या जी-सूटमधली रबरी पिशवी काढून तीत भरलं! 1972च्या 13 ऑगस्टला, भर वादळी रात्री, परुळकर आणि सोबतचे कैदी ग्रेवाल, हरीश सिंहजी बाहेर पडले. पेशावर, जमरूद करत लंडीकोतल. अफगाणिस्तान चार-पाच मैलांवर."

"मग घोडं कुठे अडलं?"

"चहाच्या टपरीवर! विचारलं, लंडीखाना किती लांब? नकाशात रेल्वे तिथवर होती ना. आणि ते स्टेशन इंग्रजांनी 1932 मध्येच बंद केलेलं! झालं, लोकांना संशय आला, थेट तहसीलदारापुढे."

"अगं बाई! तिथेच मारलं असतं."

"तर काय! परुळकरांनी थाप मारली, आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचे, स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीदना फोन लावा. ते पूर्वी कॅम्पवरच होते, नाताळला कैद्यांसाठी केक आणणारे. त्यांनी ओळखलं, आणि फोनवर सांगितलं, आमचीच माणसं आहेत, नीट ठेवा. मला बाई त्या पळण्यापेक्षा हेच मोठं वाटतं."

"नाहीतर आपल्याकडे लोक ओळख असून फोन उचलत नाहीत."

"1 डिसेंबर 1972ला सगळे कैदी वाघ्यावरून परत आले. आणि परुळकरांनी पुढे काय केलं, तर मास्तरकी! एअर फोर्स अकादमीत विमान शिकवलं, मग खडकवासल्याला एनडीएत बटालियन कमांडर."

"म्हणजे रात्री कुंपणावरून पुण्याला सटकणाऱ्या पोरांवर हे लक्ष ठेवणार? बिचारी पोरं!"