दिंगबररावांची चार एकर

यवतमाळात दारव्हा रोडवर, खडखडणाऱ्या कूलरसमोर बसून एका पोट्ट्यानं परवा इंग्रजी भाषेतला एक ‘द’ कमी केला. गिटच्या मार्गदर्शिकेत एका वाक्यात ‘द द’ असं लागोपाठ दोनदा पडलं होतं. त्यानं एक उडवला.

गिट म्हणजे प्रोग्रामर लोकांचं फेरफार रजिस्टर. २००५ पासून चालू आहे. कोणती ओळ कोणी बदलली, कधी बदलली, आधी तिथं काय होतं, हे सगळं त्यात राहतं. आणि हा पोट्टा कोणत्या जातकुळीचा तेही तुम्हाला ठाऊक आहे. प्रोग्राम लिहिणं जड जातं, म्हणून ही मंडळी प्रोग्रामच्या माहितीपत्रकातले स्वल्पविराम वेचत फिरतात. एक स्वल्पविराम वेचला की प्रोफाइलवर एक हिरवा चौकोन उगवतो. याच्या प्रोफाइलवर तर चौकोनांचं शेतच उभं आहे. यंदा जिल्ह्यात इतकं हिरवं मला दुसरीकडं कुठं दिसलं नाही.

त्या ‘द’ला निरोप मात्र शासकीय इतमामात मिळाला. दुरुस्तीसोबत टिपण जोडावं लागतं आणि ते आज्ञार्थात हवं, असा गिटवाल्यांचा लेखी नियम आहे. ‘द काढ’ असं लिहायचं, ‘द काढला’ असं नाही. यानं भूतकाळ वापरला, कागद परत आला. मग कोणीतरी विचारलं, दुसरीकडं कुठं असा जोड‘द’ आहे का, तपासलंस का? यानं तपासलं. मग आणखी कोणी शेरा मारला, ओळ आता आखूड दिसते. शेवटी दुरुस्ती मंजूर झाली, तिला चाळीस अक्षरांचा क्रमांक मिळाला, आणि आईनं आळीत पेढे वाटले. मला दोन मिळाले. बहुधा एक चुकून जास्त पडला असावा. मी तो परत केला नाही.

याच पोट्ट्याच्या आज्याचं नाव दिगंबर. सातबाऱ्यावर आहे दिंगबर.

‘ग’वरचं टिंब उडून ‘दि’वर बसलं आहे, एवढंच. जिल्ह्यातल्या सोळापैकी एका तालुक्यातली ही गोष्ट. कोणत्या ते सांगत नाही, उरलेले पंधरा रुसतील. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर टिंब जागच्या जागी होतं. तलाठ्याचं अक्षर मोत्यासारखं नसेल, पण तो दिगंबररावांच्या ओसरीवर चहा प्यायचा, त्याला माणूस माहीत होता. मग सातबारा संगणकावर चढला. चढवणाऱ्याला दिगंबरराव माहीत नव्हते आणि चहाही मिळाला नसावा. २०१७ मध्ये चुका धरण्यासाठी चावडी वाचन झालं, म्हणजे अख्ख्या गावानं मिळून मुद्रितशोधन करायचं. कल्पना उत्तम होती. पण वाचणारा गावातलाच. कागदावर दिंगबर दिसलं तरी तोंडातून सवयीनं दिगंबरच आलं. सगळे म्हणाले, बरोबर आहे. चूक कायम झाली.

तेव्हापासून त्या गावात दोन इसम राहतात. ‘इसम’ मी म्हणत नाही, स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र म्हणतं: दिगंबर व दिंगबर हे दोन्ही एकच इसम असल्याबाबत. पण संगणक प्रतिज्ञापत्र वाचत नाही, त्याच्या लेखी ते दोघंच. दिगंबररावांना आधार कार्ड आहे, गुडघेदुखी आहे, सोसायटीचं कर्ज आहे; जमीन नाही. दिंगबररावांना चार एकर काळी कसदार जमीन आहे. बाकी काहीच नाही, अंगठासुद्धा नाही. त्यामुळं कर्जमाफी आली की दिगंबररावांना विचारतात, जमीन कुठं आहे? आणि दिंगबररावांना विचारतात, कर्ज कुठं आहे? पीकविम्याचा हप्ता दिगंबरराव भरतात, बोंडअळी मात्र दिंगबररावांच्या पऱ्हाटीवर पडते. सरकारी खरेदीला कापूस नेला तर काटा म्हणतो, कापूस तुमचा असेल, शेत दुसऱ्याचं आहे. एकदा तर मला वाटलं, हेवा करावा तो या दिंगबररावांचाच. विदर्भात चार एकर कोरडवाहू असून ज्याच्या डोक्यावर छदाम कर्ज नाही असा हा एकटाच शेतकरी. ना सावकार दारात येतो, ना पोरीच्या लग्नाची काळजी, ना नापिकीचा घोर. सरकारला हवा असलेला सुखी शेतकरी अखेर सापडला आहे, फक्त तो जन्मलेला नाही.

आता हे टिंब हलवलं कोणी? गिटमध्ये ‘ब्लेम’ नावाची आज्ञा आहे. ती दिली की प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची बदलणाऱ्याचं नाव आणि तारीख येते. आमच्याकडं ही आज्ञा फक्त शेतकऱ्यावर चालते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५: लेखनप्रमादाची दुरुस्ती. प्रमाद यांच्या माणसाचा. अर्ज, झेरॉक्स, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी आमची. साध्या टिंबासाठी सत्तरीतल्या माणसानं पायऱ्या झिजवायच्या, आणि साहेब कुठं, तर मीटिंगला. याच सरकारच्या शाळेत माझ्या नातीनं ‘दिंगबर’ लिहिलं असतं तर अर्धा गुण कापला असता. शुद्धलेखनाचे नियम १९६२ पासून छापलेले आहेत. पण ते शिक्षेसाठी, वापरासाठी नाहीत. आणि बोलतोच आहे तर तेही सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली. औषधाच्या डब्यासोबतचा तो घडी घातलेला कागद उघडून पाहा. मुंगीनं पाय पुसले असावेत अशी अक्षरं, आणि शब्दकोश उशाशी घेऊन वाचावं असं मराठी. डोळे जळजळतात, पोटात ढवळतं, तेव्हा वाचायचा तो कागद. त्यातल्या वाक्याला कोणी आखूड म्हणून परत पाठवलं होतं? जिथं चुकीनं माणूस मरतो तिथं तपासायला कुत्रं फिरकत नाही, आणि ‘द’ दोनदा आला तर सातासमुद्रापलीकडून माणसं धावून येतात.

असो. पोट्ट्यानं आज्याचं प्रकरण हातात घेतलं. गिटच्या शिस्तीनं अर्ज टाइप केला: वरच्या ओळीला उणे चिन्ह, दिंगबर, खालच्या ओळीला अधिक चिन्ह, दिगंबर. टिपण आज्ञार्थात. खिडकीतल्या बाबूंनी चष्मा वर केला.

“कमी कोणाचं नाव करायचं?”

“दिंगबर.”

“वाढवायचं कोणाचं?”

“दिगंबर.”

“म्हणजे हस्तांतरण झालं. खरेदीखत?”

“नाही जी.”

“बक्षीसपत्र? वाटणीपत्र?”

“नाही जी.”

“मग वारसानं चढवू. मृत्यूचा दाखला लावा.”

“साहेब, दिंगबर नावाचा माणूसच नाही.”

“चार एकर नावावर आहे अन् माणूस नाही म्हणता?” बाबूंनी अर्ज उलटा करून मागं काही लिहिलंय का पाहिलं. “मेले नसतील तर सोमवारी त्यांना घेऊन या. संमतीची सही लागंल.”