क्वालिटीवाल्याची कोंबडी-पिल्लं

चाकण एमआयडीसीत दिवसभर कॅलिपर हातात धरून केसभर फरकासाठी अख्खा लॉट परत पाठवणारा क्वालिटीवाला संध्याकाळी एका वाकड्या पानाच्या रोपासाठी पगारातले पैसे मोजतो. कारखान्याला कंटाळून बिचारा निसर्गाकडे वळला, असं सोसायटीत समजतात. पुरावा उलटा आहे. कुरिअरने आलेलं रोप तो आधी पंधरा दिवस वेगळं ठेवतो, कारण त्यावर पिठ्या ढेकूण असू शकतो. कंपनीत याला इनकमिंग इन्स्पेक्शन म्हणतात. प्रत्येक कुंडीवर लेबल आणि तारीख असते. रोप सडलं की रूट कॉज शोधला जातो, आणि तो बहुधा घरच्यांनी मायेनं घातलेल्या पाण्यात सापडतो. आता 'ऑडिटी' नावाचं सेम्परव्हायव्हम घ्या. त्याची पानं चपटी नसून नळीसारखी गुंडाळलेली असतात. लाइनवर असा पार्ट निघाला तर थेट लाल पेटीत जाईल. इथे तो दिवाणखान्यातून दिसेल असा मांडलेला असतो. पण या गृहस्थाचं प्रेम विचित्रपणावर नाहीच. मूळ रोपाच्या, म्हणजे कोंबडीच्या, बुडाशी फुटणारी पिल्लं बियांतून येत नाहीत, ती त्याच्याच प्रती असतात. एकच दोष, पिढ्यान् पिढ्या, जराही फरक न पडता! हे स्वप्न कोणत्या क्वालिटी विभागाने पाहिलेलं नाही?

इथलं हवामान या रोपाला मानवत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. सेम्परव्हायव्हम हे आल्प्ससारख्या थंड डोंगरांतलं झाड, बर्फाखाली तग धरणारं. युरोपात वीज पडू नये म्हणून ते छपरावर लावत, इ.स. 800च्या सुमाराच्या, शार्लमेन राजाच्या मळ्यांविषयीच्या फर्मानात माळ्याने ते आपल्या घरावर लावावं, असा हुकूमच आहे. चाकणचा मे महिना त्याला भाजतो आणि जुलै कुजवतो. शहाणी माणसं तशाच दिसणाऱ्या मेक्सिकोच्या एचेव्हेरियावर समाधान मानतात. त्याहून शहाणी विचारतात, की चाकणचा कांदा एवढा नावाजलेला असताना कुंडीत तोच का लावू नये? निदान पानफुटी तरी लावा. ती सेम्परव्हायव्हमच्याच कुळातली, फुकट मिळते, पान टाकलं तरी रुजते. पण पानफुटीचं काही बिघडतच नाही, मग रिपोर्ट कशाचा लिहायचा? सेम्परव्हायव्हम फुललं की शेजारी अभिनंदन करतात आणि हा सुतकी चेहऱ्याने उभा असतो, कारण फुललेला गुच्छ नंतर मरतो. पिल्लं तेवढी मागे उरतात. ती मोजून, नोंदवून, नव्या कुंड्यांत भरेपर्यंत त्याला चैन पडत नाही. निसर्गप्रेमाशी याचा फारसा संबंध नाही. हा सरळसरळ ओव्हरटाइम आहे, तोही बिनपगारी. त्याने एखादं पिल्लू तुम्हाला दिलं तर घ्या. पावसाळ्यात ते आडोशाला ठेवा, पाणी बेतानं घाला आणि लेबल फेकू नका. तो ऑडिटला येणार आहे.