किमान २० डाव

कसोटी क्रिकेटमधला सर्वांत भेदक गोलंदाज कोण, या प्रश्नाला सरासरीच्या तक्त्याकडे एक बिनतोड उत्तर आहे: इंग्लंडचा ए. एन. हॉर्नबी. १८७९ साली मेलबर्नला, चार चेंडूंच्या षटकांच्या त्या जमान्यात, त्यानं सात षटकं टाकली, सातही निर्धाव, आणि एक बळी घेतला. कसोटीत पुन्हा चेंडू हातात घेतला नाही. सरासरी शून्य! मुरलीधरननं ८०० बळी मिळवले खरे, पण त्याची सरासरी २२.७२. म्हणजे हॉर्नबीच्या पासंगालाही तो पुरत नाही. हाच हॉर्नबी १८८२ साली ओव्हलवर इंग्लंडचा कप्तान होता आणि तिथल्या पराभवातून ‘अ‍ॅशेस’ जन्माला आली, ही गोष्ट गोलंदाजीच्या रकान्यात येत नाही, हे त्याचं नशीब. फलंदाजीत वेस्ट इंडिजचा अँडी गॅन्टॉम घ्या. १९४८ साली पोर्ट ऑफ स्पेनला एकच डाव खेळला, ११२ धावा केल्या, आणि निवड समितीनं त्याला पुन्हा बोलावलं नाही. सरासरी ११२. ब्रॅडमनची ९९.९४. निवड समितीनं अविचारानं का होईना, एका माणसाला ब्रॅडमनच्या वर नेऊन कायमचं बसवलं.

असले बेकायदा रहिवासी हुसकावण्यासाठी यादीखाली बारीक अक्षरांत एक ओळ छापतात: ‘किमान २० डाव’. माझं म्हणणं असं की खेळाडूचा क्रमांक त्याचा आकडा ठरवत नाही, ही बारीक ओळ ठरवते. पुरावा घरचाच आहे. सचिन तेंडुलकर ३२९ डाव खेळला, १५,९२१ धावा, सरासरी ५३.७८. विनोद कांबळी खेळला २१ डाव, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०. अट २० डावांची असेल तर कांबळी एका डावाच्या फरकानं आत येतो आणि शारदाश्रम शाळेतल्या आपल्या जोडीदाराच्या डोक्यावर जाऊन बसतो. तीच अट २५ची केली की तो यादीतून नाहीसा होतो. यात ना सचिननं काही केलं, ना कांबळीनं. जे केलं ते यादी करणाऱ्यानं. आणि २० तरी का? १९ का नाहीत? याला क्रिकेटमधलं काहीही कारण नाही. माणसाला हातापायांची मिळून वीस बोटं आहेत, एवढंच मला सुचतं.

कुणी म्हणेल, मग अट कडक करा, वाद मिटेल. मिटत नाही, सरकतो. ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅडम व्होजेस ३१ डाव खेळला, सरासरी ६१.८७; ग्रॅमी पोलॉक ६०.९७ आणि जॉर्ज हेडली ६०.८३ यांच्याही वर. आता हेडली वेस्ट इंडिजचा, आणि व्होजेसची एकट्या वेस्ट इंडिजविरुद्धची सरासरी ५४२! चार डावांत एकदाच बाद. त्याला खाली ढकलायला दोन हजार धावांची अट पुरते. पण मग ती अट पोलॉकला आणि हेडलीला सांभाळून बेतावी लागते, कारण तेही काही फार पुढे नाहीत. म्हणजे कोण वर हवा हे आधी ठरतं, अट मागाहून शिवली जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आयसीसीची क्रमवारी सरासरीसारखी आंधळी नाही; समोरचा गोलंदाज कोण होता, सामना किती धावांचा होता, अलीकडे फॉर्म कसा आहे, हे सगळं ती तोलते. मान्य. पण नवख्याला पूर्ण गुण न देणं आणि एक कसोटी हुकली की टक्काभर गुण कापणं या अटीच आहेत, फक्त त्या संगणकाच्या पोटात असल्यानं शास्त्रीय वाटतात. शिवाय ही पद्धत सुरू झाली १९८७ साली, आणि तिनं १९०१मध्ये वारलेल्या गोलंदाज जॉर्ज लोहमनला ९३१ गुण बहाल केले. बिचाऱ्याला हरकत घ्यायची सोयही ठेवली नाही.

एक अपवाद मात्र मुकाट्यानं मानावा लागतो. २० डाव म्हणा, ५० म्हणा, धावांची अट घाला, आयसीसीचे गुण लावा. ब्रॅडमन पहिलाच येतो. ९६१ गुणांवर तो, ९४७वर स्टीव्ह स्मिथ. एकदा गॅन्टॉमसारखे वगळले की अट बदलली तरी जागचा न हलणारा असा माणूस मला एवढाच सापडला.

बाकी सगळ्यांची जागा अट ठरवते, आणि सर्वांत मोठी अट यादीच्या मथळ्यातच असते: ‘कसोटी’. लॉर्ड्सवरच्या कसोटी शतकवीरांत अजित आगरकर आहे, १०९ नाबाद, २००२. सुनील गावसकर नाही. त्यानं तिथं १९८७ साली १८८ धावा केल्या होत्या, पण तो एमसीसीच्या द्विशताब्दीचा सामना, कसोटी नव्हे. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत १९.६९च्या सरासरीनं ५८९ बळी घेतले. कसोटीच्या कुठल्याच यादीत ते नाहीत, कारण त्यांना एकही कसोटी मिळाली नाही.

तेव्हा वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, पण आधी अट ठरवून घ्या. आणि कांबळीच्या बाजूनं पैज लावणार असाल, तर २१च्या पुढे एक डावही कबूल करू नका.