गाडीखालचे गृहस्थ

जुन्या जीपचे मालक दोन प्रकारचे. पहिल्याची गाडी कुरकुरली की तो मिस्त्रीला फोन करतो. दुसऱ्याला मिस्त्रीने फोन केला तरी तो उचलू शकत नाही, कारण त्याचे दोन्ही हात ग्रीसने माखलेले असतात. पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांत आणि सातारा-कोल्हापूरकडच्या अंगणांत हा दुसरा प्रकार हमखास आढळतो. त्याला आपण जीपवाले काका म्हणू. नोकरी बँकेत नाहीतर कॉलेजात, दारात महिंद्राची जुनी जीप, आणि रविवारी सकाळी पाय तेवढे गाडीबाहेर.

काकांचा कान फार तिखट. शेजारच्या बोलेरोने रिव्हर्समधून पहिला गिअर टाकताना ‘ठक्’ केले, की पेपरातून डोके वर न काढता निदान होते, “क्रॉस गेला.” बोलेरोवाला दचकतो. त्याला आधी नातेवाइकांपैकी कोणीतरी गेल्यासारखेच वाटते. चाल हळू असताना खालून चिवचिव येत असेल, तर ग्रीस आटले. वेग वाढल्यावर सीट थरथरू लागली, तर शाफ्टकडे बघायची वेळ झाली.

शाफ्ट म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. गिअरबॉक्सकडची ताकद मागच्या एक्सलपर्यंत नेणारा पोकळ नळा. खड्ड्यागणिक एक्सल वरखाली होतो, म्हणून नळ्याच्या दोन्ही टोकांना वाकता वाकता फिरणारा सांधा लागतो. त्या सांध्यातला चार हातांचा लोखंडी तुकडा म्हणजे क्रॉस. प्रत्येक हातावर एक टोपी, आणि टोपीत सुईसारखे बारीक रोलर ओळीने उभे. काका एवढ्यावर थांबले तर पाहुण्याचे पोहे गरम राहतील. पण ते सोळाव्या शतकातल्या कार्दानोपासून सुरू करतात, सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकवर येतात आणि क्लॅरेन्स स्पायसर या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने मोटारीसाठी असाच सांधा करून 1903 मध्ये पेटंट घेतले, तिथे पोहोचेपर्यंत पोह्यांवरचे खोबरे वाळते.

त्यांचा लाडका मुद्दा याहून अवघड आहे. सांधा कोनात फिरला, की शाफ्ट एका फेरीत दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो. दुसऱ्या टोकाचा सांधा ही चूक बरोबर उलटी करून मिटवतो, पण दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असतील तरच. मधली दातेरी जोडणी सुटून भलत्याच दातावर बसली, तर गाडी नवे क्रॉस घालूनही थरथरत राहते. म्हणून काका शाफ्ट उतरवण्याआधी खुणा करतात. खडू पुसला जातो, रंग वाळत नाही. शेवटी काकूंचे लाल नेलपॉलिश खाली येते. ते महागाचे होते, हे काकांना रात्री जेवताना कळते.

हत्यारांचाही एक संसार आहे. मूळ अमेरिकी जीपवाल्या विलीजच्या घराण्यातल्या शाफ्टचे बोल्ट इंचाच्या मापाचे, आणि महिंद्राने पुढे काही जीपमध्ये बसवलेल्या प्यूजो डिझेल इंजिनाचे मिलिमीटरचे. त्यामुळे पान्यांचे दोन संच हवेतच. त्यासाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारची फेरी होते आणि क्रॉससाठी नाना पेठेची. दुकानदार विचारतो, “कुठल्या कंपनीचा देऊ?” काका खिशातून जुना क्रॉस काढून काउंटरवर ठेवतात, त्याच्या हातांवर सुयांनी पाडलेल्या खाचा बोटाने दाखवतात आणि मागच्या गिऱ्हाइकांना रांगेतच शिकवणी देतात.

या शास्त्रीपणाला फक्त एकदा तडा गेला. साध्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. विलीज घराण्यातल्या जुन्या जीपमध्ये मात्र तो पुढच्या-मागच्या एक्सलांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. शाफ्ट उतरला की हँडब्रेक कितीही ओढा, मागच्या चाकांना पत्ताच नाही. गिअरचेही तेच. काकांनी हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि शेवटचा बोल्ट काढला. उतार जेमतेम होता. जीप शांतपणे निघाली आणि सेक्रेटरींच्या तुळशीवृंदावनाला टेकली. वॉचमन म्हणाला, “साहेब, चाकाला दगड लावायचा ना!” तेव्हापासून दगड आधी, पाना नंतर.

पुढचे काम मात्र बघत राहावे असे. लॉक चिमट्याने काढणे, व्हाइसमध्ये दोन सॉकेटांमध्ये धरून टोपी दाबून बाहेर घेणे, टोप्या निसटू नयेत म्हणून नव्या क्रॉसला चिकटपट्टी गुंडाळणे. नवी टोपी दाबताना काकांचा श्वास अडकतो. आतली एक सुई आडवी पडली, तरी टोपी तळाला बसत नाही आणि लॉक खाचेत जात नाही. अशा वेळी हातोडा उचलणारा मिस्त्री काकांच्या मते जल्लाद. ते टोपी पुन्हा बाहेर काढतात, सुया ग्रीसने चिकटवून एकेक मोजतात. मग ग्रीसगन लावतात, ती चारही टोप्यांतून ग्रीस डोकावेपर्यंत.

दुपारी तीनला गाडी चक्कर मारून येते. ना ठक्, ना थरथर. काकू बॅगा घेऊन जिन्यात उभ्या, कारण सासवडच्या लग्नाची वेळ टळत चाललेली. काका इंजिन बंद करून खाली उतरतात, वाकून पुढच्या शाफ्टकडे बघतात.

“पाचच मिनिटं,” ते म्हणतात. “याचे क्रॉस पण त्याच वयाचे आहेत.”

काकू रिक्षा बोलावतात.