क्लॅन काढावा कसा, टिकवावा कसा

क्लॅन काढायला नेमबाजी यावी लागते, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाकावा. नेमबाज पैशाला पासरी मिळतात. रात्री साडेअकराला चौघांना एका लॉबीत बसवून ‘रेडी’ दाबायला लावणारा माणूस मिळत नाही. तो तुम्ही व्हायचे आहे.

पहिले काम नावाचे. स्वीडनमध्ये 2000 साली निघालेल्या काउंटर-स्ट्राइकच्या एका संघाने ‘निन्जाज इन पायजामाज’ असे नाव घेतले आणि पुढच्याच वर्षी डॅलसची सीपीएल स्पर्धा जिंकली. आपल्याकडे एवढा साधेपणा चालत नाही. बीजीएमआय या मोबाइल गेममधल्या क्लॅनला ‘राजे’, ‘वाघ’ किंवा ‘किंग’ यांपैकी एक तरी हवेच, आणि शेवटी हसऱ्या चेहऱ्यासारखे दिसणारे ते जपानी अक्षर. नाव उच्चारता आले नाही तरी बिघडत नाही. प्रत्येक सभासदाने आयडीपुढे ते लावले की झाले. आयडी बदलायला रीनेम कार्ड लागते. ते एकदा खर्ची पडले की माणूस भांडतो, रुसतो, पण सहसा सोडून जात नाही.

को-लीडरचे पद भांडकुदळाला द्यावे. पद मिळाले की तो लीडरशी सोडून बाकी सगळ्यांशी भांडतो.

खरा कस लागतो तो पाचव्या माणसापाशी. स्क्वॉड चौघांचा. यादीत चाळीस नावे असली तरी रात्री ऑनलाइन एकतर तिघेच सापडतात, नाहीतर नेमके पाच. तिघे असले तर चिंता नाही. चौथा कोणी अनोळखी येतो, हिंदीत शिव्या देतो, पोचिंकीत एकटाच उतरून मरतो आणि निघून जातो. पाच झाले, की मात्र ‘एक मॅच होऊ दे, मग तुला घेतो’ हे वाक्य तोंडपाठ हवे. एरँगलचा नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद आणि त्यात शंभर जण. जपून खेळलात तर मॅच अर्धा तास चालते. तेवढा वेळ पाचवा तुमचा खेळ बघत बसतो आणि कोण कुठे चुकले ते सांगत राहतो. त्याला म्यूट करू नये. म्यूट केलेला पाचवा दुसऱ्या दिवशी स्वतःचा क्लॅन काढतो, आणि जाताना दोघांना घेऊन जातो.

लुटीबाबत धोरण स्पष्ट असावे. एअरड्रॉप पडला, की ‘ज्याला गरज त्याने घ्या रे’ असे मोठ्याने म्हणावे आणि गाडी सगळ्यांत जोरात आपण पळवावी. त्यातली एडब्ल्यूएम लीडरची. तिच्या गोळ्या मोजक्याच असतात, घराघरांत पडलेल्या सापडत नाहीत. म्हणून लीडर त्या शेवटच्या सर्कलसाठी राखून ठेवतो आणि त्याच्या बऱ्याच आधी एका झाडामागे मरतो. त्याची पेटी उघडणाऱ्याला गोळ्या जशाच्या तशा मिळतात. अशा वेळी ‘नेट गेलं’ म्हणावे. पिंग हिरवा दिसत असेल तर ‘आईचा फोन आला’ म्हणावे. त्यापुढे कोणी उलटतपासणी घेत नाही.

सोबती नॉक झाला, तर त्याला उठवायला दहा सेकंद लागतात. ‘आलो, आलो’ म्हणायला एकच लागतो, त्यामुळे बहुतेक जण तेवढे करतात. तो सरपटत भिंतीआड येईपर्यंत शेजारच्या खोलीत लेव्हल थ्रीचे हेल्मेट आहे का ते बघून घ्यावे. नसेल, तर सोबत्याच्या डोक्यावर आहे का ते बघावे.

आठवडाभर न खेळणाऱ्याला काढून टाकले जाईल, असा नियम लिहून ठेवावा. हॉटस्पॉट देणाऱ्याला तो लागू करू नये. वयाचा दाखला मागू नये. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा असल्याने सर्व क्लॅनमधले सर्व सभासद सज्ञानच असतात, नववीतलेसुद्धा.

गेम कायम राहील अशा भ्रमात मात्र राहू नये. पबजी मोबाइलवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली. जुलै 2021 मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला, पुढच्याच जुलैत तोही स्टोअरवरून गायब झाला आणि मे 2023 मध्ये परतला. अशा काळात व्हॉट्सॲप ग्रुप चालू ठेवावा आणि जे दुसऱ्या गेमवर गेले त्यांना तिथे खुशाल फितूर म्हणावे. बंदी उठली की पहिला फोन त्यांनाच करावा. हात त्यांचेच चालू असतात.