पेशंट की प्रोग्राम?

मुंबईत माझी माणसं जागोजाग आहेत, अशी चिखलीत माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे. ठाण्याला साडू, डोंबिवलीला मावसभाऊ, ऐरोलीला वर्गमित्र, कळव्याला आत्येबहीण. सेंट्रल आणि ट्रान्सहार्बर या दोन्ही मार्गांवर मी जिव्हाळ्यानं जोडलेलो आहे. हार्बर आणि वेस्टर्नला अजून कोणी नाही, पण भाच्यांची लग्नं व्हायची आहेत. त्यामुळे शेगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीनं सप्टेंबर 2024 मध्ये कोल्डप्लेची तिकिटं काढली आणि लगेच नेरूळजवळची हॉटेलंही बघायला घेतली, तेव्हा मी मनापासून दुखावलो. "हॉटेल? मामा जिवंत असताना?"

तिकिटं कशी मिळाली ते सांगत नाही. 22 सप्टेंबरच्या त्या दुपारी देशातला निम्मा तरुणवर्ग मोबाइलकडे बघत ऑनलाइन रांगेत उभा होता, हे सगळ्यांना माहीत आहे. भाचीला आयत्या वेळी वाढवलेल्या तिसऱ्या कार्यक्रमाची, म्हणजे 21 जानेवारीची, दोन तिकिटं लागली. पुढे मैत्रिणीच्या घरून नकार आला आणि माझ्या बहिणीनं 'सोबत मोठं माणूस पाहिजे' अशी अट घातली. मोठं माणूस म्हणून माझी नेमणूक झाली. गावात मात्र मी वेगळं सांगितलं. पाश्चात्त्य संगीताची जाण असल्यामुळे मला आग्रहाचं बोलावणं आहे, असं. (माझ्याकडे बोनी एमची एक कॅसेट होती. ती टेपरेकॉर्डरनं खाल्ली, पण जाण राहिली.) 'कोल्डप्लेला चाललोय' म्हटल्यावर एका शेतकरी मित्रानं सबसिडी किती बसते ते विचारलं. त्याला कोल्ड स्टोरेज वाटलं होतं.

कार्यक्रम आठवड्यावर आला तेव्हा मी फोन लावायला बसलो, भाचीला समोर बसवून आणि स्पीकर चालू ठेवून. माझं मुंबईतलं वजन तिनं ऐकावं, हा हेतू.

ठाण्याच्या साडूला म्हटलं, "दोन रात्री मुक्कामाला यायचं म्हणतो." पलीकडे शांतता. मग आवाज खाली गेला. "कोनाले आनलं?"

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात याचा अर्थ सांगावा लागत नाही. घाटावरचा असो की घाटाखालचा, आमच्याकडचा माणूस मुंबईतल्या नातेवाइकाला 'दोन दिवस येतो' म्हणतो ते दोनच कामांसाठी, मंत्रालय नाहीतर टाटा. मंत्रालयवाले एका दिवसात निराश होऊन परततात. मुक्काम म्हटला की परळचं टाटा हॉस्पिटल. मी घाईनं खुलासा केला, "नाही नाही, कोणी आजारी नाही. गाण्याला येतोय." पुन्हा शांतता, पण आता निराळी. "पेशंट असता तर हॉलमध्ये केली असती सोय," साडू म्हणाला. "पण गान्यासाठी म्हंजे… पोरीची प्रिलिम हाये."

डोंबिवलीच्या मावसभावाचा मुलगा त्याच रांगेत लाखोंच्या मागे उभा राहून रिकाम्या हातानं परतला होता. त्या घरात आमच्या तिकिटाचं नाव काढणं म्हणजे सुतकात पेढे वाटणं. ऐरोलीच्या वर्गमित्रानं तर आपला स्वतःचाच फ्लॅट त्या चार दिवसांसाठी भाड्यानं दिला होता आणि तो सहकुटुंब सासुरवाडीला निघाला होता. कळव्याची आत्येबहीण एका दमात म्हणाली, "ये ना दादा, त्यात काय विचारायचं!" तिच्या एका खोलीत सहा माणसं राहतात, जावई रात्रपाळीला गेले की त्यांच्या जागेवर थोरला मुलगा झोपतो. ती 'ये' म्हणाली आणि खरंच सोय करून दाखवली असती, म्हणून तिकडे जाणं शक्य नव्हतं.

भाचीनं स्पीकर बंद केला. मला वाटतं, दयेनं.

पूर्वी ही वेळ येत नसे. पूर्वी आमदार निवास होतं. आता मी या विषयावर घसरणार आहे, ज्यांना घाई असेल त्यांनी थेट खारघरला उतरावं. आमच्या पिढीच्या वऱ्हाडी माणसानं मुंबई पाहिली ती आमदार निवासाच्या सतरंजीवरून. मनोरा, मॅजेस्टिक, आकाशवाणी ही आमची तीर्थस्थळं. आमदाराची, न मिळाल्यास आमदाराच्या ड्रायव्हरची, चिठ्ठी खिशात असली की माणूस मलकापूरला गाडीत बिनधास्त चढायचा. खोलीत दोन पलंग आणि पंधरा-वीस मतदार. पलंगावर तालुकाध्यक्ष. पलंगाच्या कडेला सरपंच. दोन पलंगांमधल्या पट्टीत बदलीवाले, दाराजवळ विहीर-अनुदानवाले आणि संडासाच्या दाराशी ज्यांनी मागच्या वेळी विरोधात काम केलं ते. ही रचना कोणी ठरवलेली नव्हती, पण नवा माणूस आत शिरून पाच मिनिटांत आपल्या लायकीच्या फरशीवर अचूक आडवा होत असे. दिवा कधी मालवायचा नाही, कारण प्रत्येकाला उशाखालची फाइल तपासायची असे. सकाळी न्हाणीघरापुढे टॉवेल गुंडाळून जी चर्चा चाले, तशी विधानसभेत झाली असती तर विदर्भाचा अनुशेष केव्हाच संपला असता. भाकरी आणि ठेचा घरून आणलेला असे. त्यात पक्षभेद नव्हता. आणि चुकून स्वतः आमदारच रात्री मुक्कामाला आले, तर आम्हाला ओलांडत ओलांडत आतपर्यंत जाऊन, 'झोपा झोपा' म्हणून, ते दुसरीकडे सोय बघायला निघून जात.

1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन नाचला. त्या रात्री मी बदलीच्या फायलीमागे आकाशवाणीत, पलंगांमधल्या पट्टीत होतो. म्हणजे तसा मी तेव्हाही मुंबईतल्या जागतिक संगीताशी एका लोकलच्या अंतरावरच होतो. हे मी भाचीला सांगितलं, ती प्रभावित झाली नाही. खोलीत चर्चा अशी, की हा बाबा पुढे चालल्यासारखं दाखवतो आणि मागे सरकतो, ते कसं? दाराजवळून एक आवाज आला, "त्यात काय मोठं? खामगाव-जालना रेल्वेचं इंग्रजापासून तेच चालू हाये." बदली झाली नाही, पण त्या एका वाक्यावर माझी मुंबईवारी वसूल झाली होती.

आता मनोरा पाडून तिथे नवं बांधकाम काढलंय, मॅजेस्टिकच्या खोल्या केव्हाच रिकाम्या केल्या, आणि चिठ्ठी मागायला गेलो तर ओळखीचा कार्यकर्ता म्हणाला, "काका, आता पयल्यासारखं नाही रायलं." उरलेल्या आकाशवाणीच्या कॅन्टीनमधली डाळ पुढे जुलै 2025 मध्ये देशभर गाजली. ती गाजवण्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका आमदाराचा हात होता, एवढंच नोंदवतो.

असो. खारघर.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या आसपास त्या दिवसांत खोल्यांचे भाव लाखांत बोलले जात होते. तीन रात्रींचे पाच लाख, अशी बातमी मी स्वतः वाचली होती. शेगावला प्रकटदिनाला लाखांनी माणसं येतात, म्हणून कोणी भक्तनिवासाचं भाडं वाढवत नाही. पण तिथे महाराज आहेत, इथे मागणी आणि पुरवठा. शेवटी 20 तारखेच्या रात्री मलकापूरहून विदर्भ एक्स्प्रेस, मग ठाण्याहून पनवेल लोकल, असे आम्ही भल्या सकाळी खारघरला उतरलो आणि दारोदार फिरत एका लॉजच्या जिन्यावर पोचलो. खारघरला टाटाचंच दुसरं मोठं केंद्र आहे, अॅक्ट्रेक. त्याच्या आधारानं चालणाऱ्या लॉजांपैकी हा एक. आमच्या पुढच्या पोरांना मॅनेजर मान वर न करता विचारत होता, "पेशंट की प्रोग्राम?" प्रोग्राम म्हटलं की तो एक आकडा सांगे आणि पोरं जिना उतरून जात.

माझी पाळी आली. त्यानं मान वर केली, माझं डोकं पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही. रजिस्टरात 'पेशंट' लिहिलं. "काका, बसा आधी. आठशे होतील. किती सायकल झाल्या?"

मी म्हणालो, "सायकल कधीच विकली. आता स्कूटी आहे."

भाचीनं कोपर मारलं. मग मला कळलं, तो केमोथेरपीबद्दल विचारत होता.

इथे माझ्या केसांविषयी सांगणं भाग आहे. डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत मी जे काही आडवं पसरवतो, त्याला मी केस म्हणतो. विदर्भ एक्स्प्रेसच्या खिडकीनं त्यांची रचना बिघडवली होती. त्यात मॅनेजरनं आधार कार्ड हातात घेतलं. "बुलढाणा? अरे, ते टक्कल पडतंय ते तुमच्याकडेच ना?" बाकावर बसलेले चार लोक माझ्याकडे वळले. एकानं पाणी प्यायची बाटली जरा जवळ ओढून घेतली.

त्या जानेवारीत आम्ही यासाठीच प्रसिद्ध होतो. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस चार दिवसांत मुठी-मुठीनं हातात येत होते. कॅमेरे आले, दिल्लीहून पथकं आली. पाणी की शाम्पू की आणखी काही, यावर तर्क चालले होते. पुढे फेब्रुवारीत डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तोपर्यंत देशानं भरपूर हसून घेतलं होतं. विनोद मीही पुढे पाठवले, माझ्यापेक्षा तरी जास्त टकले निघाले म्हणून. पण भाचीच्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावरच्या त्या गावांतल्या पोरी डोक्याला स्कार्फ गुंडाळून वावरत होत्या, आणि फेब्रुवारीनंतर फोनवर माझ्याच मुंबईकर माणसांनी 'येताना गहू नको आणू हं' म्हणून खिदळून घेतलं तेव्हा मला राग आला. ज्या गव्हावर शंका आली तो आमच्या शेतातला नव्हताच. बाहेरून रेशनवर आलेला. आम्ही फक्त खाल्ला.

तर माझ्या डोक्याची आता त्या काउंटरवर दोन स्पष्टीकरणं तयार होती, केमो आणि बोंडगाव. तिसरं, खरं, म्हणजे माझे वडील. भाची कानाशी कुजबुजली, "मामा, आठशे आहे. गप्प राहा." आणि मी गप्प राहिलोही असतो. पण मॅनेजरनं पोऱ्याला हाक मारली, "काकांना हात धरून वर घेऊन जा," आणि त्या पोऱ्यानं खरंच माझा दंड धरला. ते मला सहन झालं नाही.

"प्रोग्राम!" मी ओरडलो. "मी प्रोग्रामला आलोय!"

यात प्रामाणिकपणा शोधू नये. मला फक्त धडधाकट दिसायचं होतं. त्याची किंमत पाच हजार सातशे रुपये पडली, कारण प्रोग्रामचा दर साडेसहा हजार होता. खोली तीच. पोऱ्यानं दंड सोडला आणि बॅगही सोडली.

बाकावर बाटली ओढून घेणारा मुलगा नंतर जिन्यात भेटला. मोताळा तालुक्यातला निघाला. वडिलांना घेऊन दिवाळीपासून इथेच. आई खोलीत शेगडीवर खिचडी टाकते, तो निळी फाइल घेऊन धावतो. त्यानंच सांगितलं, की या मॅनेजरनं त्या आठवड्यात पेशंटचं भाडं एक रुपयानंही वाढवलं नाही. पलीकडच्या गल्लीत एकानं मात्र दोन पेशंटांना 'तीन दिवस गावाकडे जाऊन या ना' असं सुचवलं होतं. गावाकडे म्हणजे पाचशे किलोमीटर. साडेसहा हजारांवरून मॅनेजरला जे बोलायचं मी मनात जुळवत होतो, ते जुळेना. मुलानं मग आमच्या तिकिटाचा आकडा विचारला आणि ऐकून नुसती मान हलवली. पण कुठलं गाणं कितव्या नंबरला येतं ते त्याला पाठ होतं, भाचीपेक्षा जास्त. दोघं जिन्यात बसून बराच वेळ बोलली. मला कोणी काही विचारलं नाही, तरी मी बोनी एमबद्दल सांगितलं.

कार्यक्रम छान झाला. मनगटावर लुकलुकणारा पट्टा मिळतो, तो जाताना परत द्यायचा असतो. क्रिस मार्टिन पूर्ण वेळ पळत गातो. माझे गुडघे ते नुसतं पाहूनच दुखले. रात्री नेरूळ स्टेशनात आम्ही गर्दीसोबत आत गेलो आणि गर्दीसोबतच लोकलमध्ये चढलो. स्वतःहून काहीच करावं लागलं नाही. लॉजचं शटर अर्धं खाली होतं. वर मोताळ्याचा पोरगा जागाच होता, वडिलांना ताप चढला होता. तरी त्यानं पहिला प्रश्न गाण्याचा केला.

26 जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला. एकही रुपया खोलीभाडं न देता मी तो चिखलीत पलंगावर लोळून पाहिला, आणि खारघरला त्या मुलानं वडिलांच्या कॉटवर मोबाइल टेकवून. दुसऱ्या दिवशी भाचीला त्याचा निरोप आला. वडिलांनी पूर्ण पाहिलं, आवाज जास्त आहे म्हणाले, आणि विचारत होते, की हा बुवा एवढा पळतो, त्याला दम कसा लागत नाही?

पाश्चात्त्य संगीताचा जाणकार म्हणून भाचीनं हा प्रश्न माझ्याकडे पाठवला. मी उत्तर लिहिलं, 'तो फक्त 47 वर्षांचा आहे. म्हणून पळतो. शिवाय नीट पाहिलं तर केस त्याचेही पातळ झालेत.'

"मामा," भाचीचा लगेच फोन आला, "आपण बसलो होतो तिथून तो माणूस आहे की माइकचा दांडा, हेही कळत नव्हतं. पहिलं वाक्य पाठवते. दुसरं खोडते."