आधी वायर, मग बल्ब

जुन्या गाडीला बाजारातला पांढराफटक एलईडी बल्ब लावून घेणारा माणूस स्वतःचा रस्ता फारसा उजळत नाही. समोरच्याचा मात्र नक्की विझवतो. ही तक्रार कुठल्याही गावात ऐकू येईल. कोडोलीत, तेही गळीत हंगामात, ती नुसती तक्रार राहत नाही, जिवावरची गोष्ट होते.

कारण इथला रस्ता. पन्हाळा तालुक्यातलं हे मोठ्या बाजारपेठेचं गाव, शेजारी वारणानगर आणि तिथं वारणेचा साखर कारखाना. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटला की पुढचे चार-पाच महिने रात्री-अपरात्री रस्त्यावर ऊस असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं, त्यांच्याआड झाकला गेलेला लाल दिवा. आणि बैलगाड्या. बैलगाडीला बॅटरी नाही, वायर नाही, दिवा नाही. ती दिसते ती फक्त येणाऱ्याच्या उजेडात. गाडीवर दिवसभर कोयता चालवून दमलेला माणूस असतो, आणि कैकदा मोळ्यांवर बसलेली त्याची बायकापोरंही. तेव्हा उजेड हवा, भरपूर हवा, यात वाद नाही.

पण समोरून येणाऱ्यालाही त्याच्या बाजूची बैलगाडी दिसली पाहिजे, हे आपण सोयीनं विसरतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तुमच्या झोतानं समोरच्याचे डोळे दोनच सेकंद दिपले, तर तो ३३ मीटर आंधळा धावतो. तेवढ्यात दोन-तीन बैलगाड्या ओळीनं मावतात. समोरचा साठीचा असेल तर हिशेब आणखी वाईट. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो, आणि दिपलेला डोळा सावरायलाही जास्त वेळ लागतो. त्यात मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरचा झोत डोळ्यात पसरतो आणि सगळा रस्ता पांढरा होतो. डेअरीला दूध घालून मोटारसायकलवरून परतणाऱ्या म्हाताऱ्याशी आपण रोज हेच करतो आहोत.

जुनी गाडी बाळगणाऱ्याचं दुखणं खोटं नाही, हे आधी मान्य करतो. महिंद्रची जीप असो, अँबेसेडर असो नाहीतर मारुती ८००, रात्री दिवे लावले की काजवा पेटल्यागत पिवळा उजेड पडतो. मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि २०१४ मध्ये थांबली. अँबेसेडरही २०१४ मध्येच बंद झाली. म्हणजे यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा दहा वर्षांच्या पुढची. मालक वैतागून दुकानात जातो आणि दुकानदार बल्ब विकतो. दोष बल्बचा आहे का, हे दोघांतला एकही बघत नाही.

दोष बहुतेक वेळा वायरचा असतो. जुन्या गाडीत बॅटरीपासून निघालेला करंट आधी डॅशबोर्डवरच्या स्विचमध्ये जातो, तिथून अप्पर-डिपरच्या बटणात (जुन्या जीपमध्ये ते पायाखाली, चिखलात), तिथून परत पुढे बल्बपर्यंत आणि शेवटी गंजलेल्या पत्र्यातून अर्थ होऊन बॅटरीकडे. प्रत्येक जोडावर थोडा थोडा दाब मरतो. अल्टरनेटर साडेतेरा व्होल्ट देत असला तरी बल्बच्या पायांवर मीटर लावा, बारासुद्धा मिळत नाहीत. आणि बल्बचं गणित सरळ नाही. दाब १० टक्के घटला तर हॅलोजनचा उजेड १० टक्के घटत नाही, जवळपास ३० टक्के घटतो. दोन व्होल्ट गेले की उजेड निम्म्याच्या जवळ येऊन टेकतो. तुमच्या गाडीत उजेड नाही असं नाही. तो वाटेतच संपतो.

यावर सर्रास विकला जाणारा एक उपाय म्हणजे १००/९० वॅटचा बल्ब. हा उपाय नाही, आग लावायची तयारी आहे. मूळचा ६०/५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ५ अँपिअर घेतो, म्हणजे दोन्ही अप्पर मिळून १०. शंभरचे दोन लावले की तोच आकडा १७ च्या जवळ जातो. तीच बारीक वायर, तोच तीस वर्षांचा स्विच. आधी होल्डर पिवळा पडतो, मग काळा, मग वास येतो. वायरच्या वाटेवर जास्त करंट म्हणजे जास्त दाब वाया, त्यामुळे हवा होता तो उजेडही पुरता मिळत नाही.

खरा उपाय साधा आहे आणि कोडोलीतला कुठलाही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तो तासा-दोन तासांत करतो. दोन रिले, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीपासून फ्यूज घालून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची जाड वायर थेट रिलेपर्यंत, तिथून थेट बल्बला. अर्थिंग नवं, स्वच्छ खरवडलेल्या जागी. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो. त्याच्यातून आता नगण्य करंट जातो, म्हणून तोही वाचतो. टाकीभर डिझेलपेक्षा कमी खर्चात होणारं हे काम आहे. त्यानंतर तोच जुना ६०/५५ चा बल्ब लावून बघा. ज्यांनी हे करून घेतलं, त्यांना पुन्हा बल्बच्या दुकानात जावं लागलं नाही.

मग दिव्याचा डूम. आतली चकाकणारी वाटी काळवंडली असेल, गंजाचे ठिपके आले असतील, तर कितीही भारी बल्ब लावा, उजेड तिथंच मरतो. ती पुसू नका; मुलामा निघून येतो. डूम बदला. अँबेसेडर, जुनी फियाट, जीप यांचे डूम ७ इंची गोल, ते आजही मिळतात. नंतरच्या गाड्यांना प्लास्टिकची काच, ती उन्हानं पिवळी पडते. बारीक वॉटर पेपरनं ती साफ होते, पण वर ऊन अडवणारा थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तशीच होते. टूथपेस्ट घासण्याचा उपाय सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

आता त्या पांढऱ्या बल्बकडे येऊ. एच-४ नावाचा जो दोन तारांचा हॅलोजन बल्ब आपण वापरतो, तो १९७१ पासूनचा आहे, आणि त्याची रचना फार विचारानं झालेली आहे. डिपरच्या तारेखाली एक इवलासा धातूचा कप असतो. तो खाली जाणारा प्रकाश अडवतो, त्यामुळे वाटीच्या फक्त वरच्या अर्ध्यावर प्रकाश पडतो आणि तिथून परतून रस्त्यावर खाली येतो. त्या कपाची एक कड तिरकी कापलेली असते. आपण डावीकडून चालतो, म्हणून झोताची कड डावीकडे थोडी वर चढते: रस्त्याच्या डाव्या कडेचा माणूस, सायकल, बैलगाडी दिसावी आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे मात्र वाचावेत. तार मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकली तरी हे सगळं बिघडतं. बाजारातल्या एलईडी बल्बमध्ये तार नसते, जाड पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेले चपटे चिप असतात. तारेसाठी घडवलेल्या वाटीत ते बसवले की प्रकाश भरपूर निघतो, पण भरकटतो. पाच-दहा फुटांवरचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून चालवणारा खूश. लांबचा रस्ता पूर्वीइतकाच अंधारा, आणि उरलेला उजेड झाडांच्या शेंड्यांवर व समोरच्याच्या तोंडावर.

यावर कुणी म्हणेल, परदेशात चालतं. चालतं, पण कसं? जर्मनीत २०२० पासून जुन्या हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बना मान्यता मिळाली, तीही ठरावीक गाडीच्या ठरावीक मॉडेलला, त्या डूममध्ये झोत तपासून. पेटीवर ‘सर्व गाड्यांसाठी’ लिहिलेल्या बल्बची ती मान्यता नाही.

आपल्याकडेही नियम नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली झुकलेला असला पाहिजे. इतका, की दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे. नियम लिहिणाऱ्याला तो दूधवाला म्हातारा दिसला होता. आपल्याला दिसत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग ५-५ वर्षांनी वाढते. त्या तपासणीत दिवा लागतो का एवढंच बघू नये. झोत कुठं पडतो तेही मोजावं, आणि तेवढ्यावरून गाडी परत पाठवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक रागावतील. रागावू देत.

फोकस लावणं म्हणजे काही गूढ विद्या नाही. सपाट जमीन, सरळ भिंत, गाडी भिंतीपासून १० मीटरवर. टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या जागी माणूस. डूमच्या मध्याच्या उंचीची एक आडवी रेघ भिंतीवर, तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. डिपरच्या झोताची वरची कड त्या खालच्या रेघेवर बसली पाहिजे आणि डावीकडेच वर चढलेली दिसली पाहिजे. उजवीकडे चढलेली दिसली तर डूम उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेला आहे. तो तसाच परत करा, कारण त्याची चढती कड थेट समोरच्याच्या डोळ्यात जाते. ऑनलाइन मागवलेल्या गोल डूममध्ये हे आधी तपासायचं. आणि मागे खताची पोती भरली की गाडीचं नाक वर येतं, झोतही वर येतो, हे जीपवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

हेही सांगितलं पाहिजे की नुसत्या गाडीवाल्यावर ओझं टाकून भागणार नाही. नीट लावलेला डिपर ४०-५० मीटर पुढं दाखवतो आणि ६० च्या वेगात जुनी गाडी थांबायलाही जवळपास तेवढंच अंतर लागतं. मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली, उसानं झाकलेला दिवा, पंक्चर होऊन रस्त्यातच अंधारात सोडलेली गाडी यांच्यापुढे कुठलाही हेडलाइट कमी पडतो. ट्रॉली आणि बैलगाडी रिफ्लेक्टरशिवाय कारखान्याच्या काट्यावर घेऊच नये. ऊसतोड मजुराकडून हा खर्च काढू नये. तो कारखान्यानं करावा.

हंगामाच्या तोंडावर अनेक कारखान्यांच्या आवारात पोलीस आणि आरटीओचे लोक येऊन ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर चिकटवतात. चांगलं काम आहे. त्याच आवारातल्या एका भिंतीवर वर सांगितल्या त्या दोन रेघा ओढा आणि येणाऱ्या प्रत्येक जीपचा, ट्रॅक्टरचा फोकस तिथंच लावून द्या. कोडोलीच्या गॅरेजवाल्यांनी तर कारखान्याची वाट बघायचंही कारण नाही. आपल्या गॅरेजसमोरची भिंत धरावी, दहा मीटर मोजून खूण करावी आणि दिवाळीआधी काही दिवस अंधार पडल्यावर तासभर दुकान उघडं ठेवावं. फोकस दिवसा लागत नाही.